एकसारखा उशीर

वसईपासून विरारपर्यंत वेळ नावाची वस्तू कोणा एका माणसाच्या सातबाऱ्यावर चढवायची झालीच, तर ती आमच्या घरमालकांच्या सातबाऱ्यावर चढवावी लागेल. बत्तीस वर्षं त्यांनी निरनिराळ्या बसस्थानकांवर वाहतूक नियंत्रक म्हणून काढली. काचेच्या खिडकीत बसायचं, गाडी आली की वेळ लिहायची, गाडी सुटायची झाली की शिट्टी वाजवायची. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी आगाशीच्या बाजारात त्यांना सगळे कंट्रोलर म्हणतात आणि त्यांच्या वरच्या मजल्यावरचा भाडेकरू म्हणून मी त्यांना कंट्रोलर अंकल म्हणतो. घरात ते आपल्या सामवेदी बोलीत बोलतात. ती मला सहा वर्षं ऐकूनही निम्मीच कळते. माझ्याशी मात्र ते ध्वनिक्षेपकावरचं मराठी बोलतात. गच्चीवरची टाकी वाहू लागली की खालून आवाज येतो, "वरच्या मजल्यावरील भाडेकरूंनी नोंद घ्यावी, टाकी भरलेली आहे." त्यानंतर ते हीच सूचना दुसऱ्यांदा देतात, कारण सूचना दोनदा द्यायची असते.

अशा माणसाला उशिराची चीड असणार असं कोणालाही वाटेल. मलाही वाटलं होतं. मी स्वतः जन्मात कुठे वेळेवर पोचलेलो नाही, त्यामुळे पहिले काही आठवडे मी चपला हातात घेऊन जिना चढत होतो. पण उशिराशी त्यांचं भांडण नव्हतंच. एकदा ओट्यावर बसून त्यांनी मला आपलं तत्त्व समजावून सांगितलं. "रोज बारा मिनिटं उशिरा येणारी गाडी ही वेळेवरची गाडी समजावी. प्रवासीही रोज बारा मिनिटं उशिरा येतो, कोणाचं काही बिघडत नाही. पण जी आज वेळेवर येते, उद्या वीस मिनिटं उशिरा येते आणि परवा पाच मिनिटं आधी येऊन निघून जाते, ती गाडी माणसाला वेडं करते." त्यातही आधी येणाऱ्या गाडीवर त्यांचा खास राग. उशिराची गाडी निदान मिळते, आधीची मिळतच नाही, असं त्यांचं म्हणणं. याची प्रचीती मला त्याआधीच, राहायला आल्याच्या पहिल्याच रविवारी आली होती. त्यांनी मला साडेबाराला जेवायला बोलावलं होतं आणि छाप पाडावी म्हणून मी बारा वीसला मिठाईचा पुडा घेऊन दारात उभा राहिलो. दार उघडं होतं. आत अंकल खुर्चीत बसून माझ्याकडे बघत होते. त्यांनी हसून हात केला, ओट्यावरच्या बाकाकडे बोट दाखवलं आणि पुन्हा वर्तमानपत्र वर केलं. दहा मिनिटं मी बाकावर बसून सुरमईच्या कालवणाचा वास घेत होतो. साडेबाराला ते उठले, दारापर्यंत आले आणि अत्यंत अगत्याने म्हणाले, "या, या. केव्हा आलात?"

गावात त्यांच्या या शिस्तीला कोणी तोंड दिलं असेल तर ते राजोडीहून टोपली घेऊन येणाऱ्या मासळीवाल्या मावशींनी. त्या कधी सकाळी आठला येत, कधी दहाला, कधी दुपारी. अंकलनी त्यांना एक ठरावीक वेळ नेमून द्यायचा प्रयत्न केला, तेव्हा मावशी टोपली डोक्यावरून न उतरवताच म्हणाल्या, "काका, पानी चढतं तसं होडी येते. तुमचं घड्याल दर्याला नाय कलत." अंकल दोन दिवस विचारात होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी भरती-ओहोटीचं कोष्टक पैदा केलं, स्वयंपाकघरात मिठाच्या बरणीच्या वर चिकटवलं आणि मावशींच्या येण्याच्या वेळा त्याच्याशी ताडून बघितल्या. त्या रोज साधारण पाऊण तास पुढे सरकत होत्या. तेव्हापासून मावशींइतकी नियमित बाई आपण पाहिली नाही, असं ते भेटेल त्याला सांगतात.

असं सगळं जागच्या जागी असताना घरात ब्रॉडबँड आलं आणि अंकलच्या म्हातारपणाची शांती गेली.

त्याचं कारण प्रार्थना. थोरला मुलगा कॅनडात, धाकटी मुलगी आयर्लंडला एका हॉस्पिटलात नर्स. खाली घरात आता अंकल आणि आंटी दोघंच. रोज संध्याकाळी साडेसातला या घरात रोझरीची जपमाळ म्हटली जाते, आणि ती चार माणसांची सवय दोघांवर आली तशी अंकलना ती सुनीसुनी वाटायला लागली. म्हणून व्हिडिओ कॉल सुरू झाला. मुलगा न्याहारीच्या टेबलावरून यायचा, मुलगी जेवणाच्या सुट्टीत. ज्यांना ही प्रार्थना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, मलाही ती इथेच कळली. एका मण्याची प्रार्थना दोन तुकड्यांत असते. पहिला तुकडा पुढारपण करणारा म्हणतो, तो संपला की बाकीचे सगळे एका सुरात दुसरा म्हणतात. असे दहा मणी पाच वेळा, म्हणजे पन्नास मणी. आता समोरासमोर बसून हे सोपं आहे. पण अंकल इथे पहिला तुकडा संपवायचे आणि मुलाचं उत्तर कधी लगेच, कधी तीन सेकंदांनी येऊन आदळायचं. मुलीचं तर काही विचारूच नका. कधी ते वडिलांच्या पुढच्या मण्यात घुसायचं, कधी अर्धंच यायचं, कधी दोन उत्तरं एकदम यायची. आंटी मध्येच कुठेतरी सूर धरून तरंगत राहायच्या.

आणि अंकल प्रार्थना थांबवून शेरे द्यायचे. "धाकटे, तू आत्ता दोन सेकंद उशिरा सुटलीस." मग पुढच्या मण्याला, "आता लवकर सुटलीस." मुलगी पहिले काही दिवस सॉरी पप्पा म्हणाली. मग एके दिवशी तिने आपला माइक बंद केला. चौकटीत तिचे ओठ हलताना दिसायचे, आवाज नाही. दुसऱ्या दिवशीही बंद. आठवड्याने चौकटीत तिच्या चेहऱ्याऐवजी कपाटाचं दार दिसायला लागलं.

"तिची ड्युटी असते, दमलेली असते," आंटी म्हणाल्या.  त्या रात्रीच्या जेवणाआधी अंकल जिना चढून माझ्याकडे आले. मी घरूनच काम करतो, संगणकाचं काहीतरी करतो, एवढ्या भांडवलावर त्यांनी मला तज्ज्ञ ठरवलं होतं. दारात उभे राहून ते म्हणाले, "माइक बंद असला की ती आहे की नाही तेच कळत नाही हो. असंच एक दिवस यायचं बंद करेल." मग एकदम ध्वनिक्षेपकावरचं मराठी सुरू झालं. "तरी सदर बिघाडाचं कारण शोधण्यात यावं."

आंटींनी मला नंतर बाकीचं सांगितलं. ही धाकटी लहानपणापासून घरातली एकटी विस्कळीत. एक मोजा सापडायचा नाही, डबा राहायचा, परत यायची. तिच्या दहावीच्या प्रॅक्टिकलच्या दिवशी ती स्थानकावर धावत आली तेव्हा गाडीची वेळ झाली होती. तिचे वडील काचेच्या आत होते. त्यांनी तिला धावताना पाहिलं, घड्याळ पाहिलं आणि शिट्टी वाजवली. "शेजारचे मामा स्कूटरवर घेऊन गेले म्हणून पोचली," आंटी म्हणाल्या. "चार दिवस बोलली नाय बापाशी. आणि हा माणूस मला सांगतो, गाडीत चाळीस माणसं होती."

मी अंकलना समजावून सांगितलं की निरोप इथून तिथे जायला जो वेळ लागतो त्याला लेटन्सी म्हणतात, तो काही कमी होणार नाही, आयर्लंड लांब आहे. आणि तो वेळ दर खेपेला जो कमी-जास्त होतो, त्याला जिटर म्हणतात. अंकल जागच्या जागी उभे राहिले. "म्हणजे याला नाव आहे," ते हळूच म्हणाले. बत्तीस वर्षं ज्या शत्रूशी झुंजलो त्याचं नावगाव आज कळलं, असा चेहरा झाला होता त्यांचा. त्यांनी मला ते पाटीवर लिहून द्यायला लावलं. मग मी त्यांच्या फोनवर मोजमापाचं एक अॅप टाकून दिलं, आणि इथे माझी चूक झाली. जन्मभर मिनिटांवर भागवलेल्या माणसाच्या हाती मी सेकंदाचा हजारावा भाग दिला. दुसऱ्या दिवसापासून खालून आकडे ऐकू यायला लागले. एकशे साठ, एकशे बासष्ट, एकशे एकसष्ट, सहाशे दहा. सहाशे दहाला आवाज चढायचा.

केबलवाल्याला बोलावणं गेलं. वालीवला त्याचा गाळा आहे, चाळिशीचा, अंगाने भरलेला, कोणाशीही पटकन दोस्ती करणारा माणूस. त्याने आपल्या फोनवर स्पीड तपासला आणि विजयाने दाखवला. "अंकल, दोनशेचा प्लॅन आहे तुमचा, दोनशे दहा येतोय. और क्या चाहिए?"

"रस्ता किती रुंद आहे हे मी विचारलेलं नाही," अंकल म्हणाले. "गाडी केव्हा येते ते सांगा."

"येते ना अंकल. मस्त येते. पिक्चर लावून बघा, अटकणारच नाही."

"पिक्चरला उत्तर द्यावं लागत नाही."

केबलवाला माझ्याकडे बघायला लागला. "भाऊ, यांना सांग ना, हे घरचं कनेक्शन आहे, रॉकेट सोडायचं नाय." पण अंकलनी वही पुढे केली. तारीख, वेळ, सर्वात कमी, सर्वात जास्त, वाऱ्याची दिशा, शेरा. केबलवाल्याने ती दोन पानं वाचली, पाणी मागितलं आणि नवीन राउटर लावून देतो असं म्हणून तो निघाला. नवीन राउटर खरोखरच लावला, हे त्याच्या चांगुलपणाला धरून झालं.

फरक काही पडला नाही. मग अंकलनी एकेक संशयिताला पकडायला सुरुवात केली. वाडीतून तार येते तिथे माडाच्या झावळ्या तिला घासत होत्या, त्या उतरवल्या. सात ते साडेआठ मिक्सर लावायला आंटींना बंदी झाली. खारा वारा दोषी असावा म्हणून तारेच्या जोडाला प्लास्टिकची पिशवी बांधली. शेवटी राउटरच्या वाटेत भिंत नको म्हणून तो थेट प्रार्थनेच्या वेदीवर, देवमातेच्या मूर्तीशेजारी, जाळीदार रुमालावर ठेवला. आंटी कपाळाला हात लावून मला म्हणाल्या, "ते हिरवे दिवे लुकलुकतात, बघणाऱ्याला वाटतं आमचा नाताळ आत्ताच आला." आणि एवढं सगळं करून साडेसात वाजले की आकडे पुन्हा उसळायचे. मुलीच्या चौकटीत कपाटाचं दार तसंच होतं.

असे तीन महिने गेल्यावर एके दिवशी अंकल वही घेऊन वर आले. "मंगळवार ते गुरुवार तीन दिवस लाईन उत्तम," ते म्हणाले. "शेऱ्यात कारण अज्ञात असं लिहिलेलं आहे. तुमचं काय मत?" मी त्या ओळी पुन्हा एकदा वाचल्या. मंगळवार ते गुरुवार माझा ऑफिसचा लॅपटॉप दुरुस्तीला गेला होता. त्या लॅपटॉपमधल्या सगळ्या कामाची नक्कल रोज संध्याकाळी कंपनीच्या सर्व्हरवर चढते. ती साडेसातला चढावी असं मीच कधीतरी, चहा पिताना, कसलाही विचार न करता ठरवून ठेवलं होतं. आणि वायफाय आम्ही एकच वापरतो. इकडून माझं ओझं चढायचं आणि तिकडे त्यांच्या प्रार्थना त्याच्या मागे रांगेत उभ्या राहायच्या. झावळ्या, मिक्सर, खारा वारा, सगळे निर्दोष होते.

खरं सांगायचं तर मी लगेच कबूल केलं नाही. गुपचूप वेळ बदलून मोकळं व्हावं असा विचार मी दोन दिवस केला. पण अंकल खाली पुन्हा शिडी लावून तार तपासत होते, वय अडुसष्ट, आणि मला ते बघवेना. मी जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग खिशातलं पेन काढलं, शेऱ्याच्या रकान्यात "अज्ञात" खोडलं, त्याजागी "वरचा मजला" लिहिलं आणि वही माझ्यापुढे धरली. मी सही केली. आंटींनी त्याच दिवशी सव्वासातला मिक्सर लावला आणि बराच वेळ चालू ठेवला.

त्यानंतर घरची लाईन सुधारली. मुलाचं उत्तर जागच्या जागी यायला लागलं. पण मुलीचं कोडं निम्मंच सुटलं होतं, कारण उरलेला गोंधळ तिच्या बाजूचा होता. ती हॉस्पिटलच्या चादरींच्या खोलीत उभी राहून तिथलं वायफाय वापरायची. कपाटाचं दार होतं ते त्या खोलीतलं. हे कळल्यावर अंकलनी वही मिटली. मग म्हणाले, "ही दुसऱ्या आगाराची गाडी. तिच्यावर आपला हुकूम चालत नाही. ती लवकर येवो की उशिरा, आपण फक्त फलाटावर थांबवून धरू शकतो आणि सगळ्या गाड्या एकदम सोडू शकतो."

मी त्यांना सांगितलं की संगणकवालेही हेच करतात, पण थोडंसंच धरतात, कारण माणसांना थांबायला आवडत नाही.

"प्रार्थनेला कोणाला कुठे जायचंय?" अंकल म्हणाले.

त्या संध्याकाळी त्यांनी नवा नियम जाहीर केला, अर्थात दोनदा. पहिला तुकडा संपला की कोणीही बोलायचं नाही. मनात चार मोजायचे आणि मगच उत्तर द्यायचं. तोवर कोणाचा आवाज कितीही वाटेत रेंगाळलेला असला तरी पोचलेला असेल. लाईनीवर लक्ष ठेवायला म्हणून मीही त्या दिवसांत खाली बसत होतो. पहिल्या दिवशी फार विचित्र वाटलं. अंकल म्हणायचे, मग सगळे गप्प, भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज, आणि मग उत्तर. मुलाने दोनदा हसू दाबलं. अंकलनी कोणालाही शेरा दिला नाही. चौथ्या दिवशी, तिसऱ्या दहाच्या सहाव्या मण्याला, चार मोजून झाल्यावर खोलीत एक आवाज जास्त आला. थोडा घोगरा, बरोबर सुरात. चौकटीत कपाटाच्या दारापुढे धाकटी उभी होती, हिरव्या गणवेशात, माइक चालू. अंकल पडद्याकडे बघतच पुढचा मणी म्हणत राहिले. त्या खेपेला दहाऐवजी अकरा मणी झाले. आंटींनी बोट वर करून दाखवलं तेव्हा त्यांनी मान हलवली, पण माझी खात्री आहे, त्यांनी काही पाहिलं नव्हतं.

गेल्या नाताळात ती चौदा दिवसांच्या रजेवर घरी आली. पहिल्या संध्याकाळी मला खाली बोलावलं होतं. ती वडिलांच्या शेजारी सतरंजीवर बसली, गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ. तिच्यापुरता आता नेटचा काही संबंध नव्हता. अंकलनी पहिला तुकडा म्हटला. आणि थांबले. तीही थांबली. हात लांब केला तर लागेल एवढ्या अंतरावर दोघं बसली होती आणि दोघं मनात चार मोजत होती. मग तिने उत्तर दिलं. पन्नासही मणी तसेच झाले. वर जायला निघताना मी जिन्याशी अंकलना म्हणालो, "ती तर शेजारीच होती. कॅनडाची लाईनही आता चांगली आहे. चार मोजायची काय गरज?"

त्यांनी घराकडे पाहिलं. आतून माय-लेकींच्या हसण्याचा आवाज येत होता. "पन्नास मणी, चार-चार सेकंद," ते म्हणाले. "रोजची तीन मिनिटं वीस सेकंद जास्त मिळतात. चौदा दिवसांची किती होतात ते तुम्हीच करा." मी जिना चढताना हिशेब केला. शेहेचाळीस मिनिटं आणि चाळीस सेकंद. गाडी रोखून धरायला एवढा वेळ त्यांनी कोणाला दिला असेल असं मला वाटत नाही, आणि मला त्यांची फार माया वाटली.

ती परत निघाली त्या दिवशी विमान दुपारचं होतं. संध्याकाळी साडेसातला ती कुठेतरी वर हवेत होती. मुलाला कामावर लवकर जायचं होतं. तरी अंकलनी कॉल लावला, आपलीच चौकट उघडली आणि सवयीने आकडे बघितले. लाईन इतकी स्थिर मी कधी पाहिली नव्हती, आकडा हलतच नव्हता. मग त्यांनी प्रार्थना सुरू केली. मी आणि आंटी उत्तर द्यायला बसलो होतो, एव्हाना माझंही दुसरं अर्धं पाठ झालेलं आहे. त्यांनी पहिला तुकडा म्हटला आणि आम्ही चार मोजले, पण ते पडद्यावर धाकटीची चौकट असायची तिथे बघत होते, म्हणून त्यांच्या खुणेसाठी थांबलो. त्यांनी मान हलवली तेव्हा सहा झाले होते. पुढच्या मण्याला तीनच. मग पाच, मग कितीतरी. ते कधी मान हलवतील याचा अंदाजच येईना. आंटी एकदा चुकून आधी बोलल्या आणि गप्प झाल्या. मी घड्याळाकडे बघायचं टाळलं. शेवटी आंटींनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि आंटी गुडघा दाबतील तेव्हा आम्ही दोघांनी उत्तर द्यायचं, असं करत ती जपमाळ आम्ही पुरी केली.